काचेची वाकळ

आमची मेंढरं मेली तेव्हा मी चौथीत होते. एका दिवसात नाही मेली. रोज सकाळी वाघरीत, म्हणजे जाळीच्या कोंडवाड्यात, एखाद-दुसरं आडवं दिसायचं आणि आबा, म्हणजे माझे वडील, ते ओढत लांब नेऊन पुरायचे. उरलेली त्यांनी मिळेल त्या भावात देऊन टाकली. आमचं गाव फर्दापूरच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी. धनगराच्या घरात मेंढरू नाही म्हणजे काय, हे ज्यानं बघितलं नाही त्याला सांगून कळणार नाही. दूध नाही, लोकर नाही, खतासाठी रानात मेंढरं बसवायला कुणी बोलावत नाही. माय दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला जायची. त्या हिवाळ्यात आमच्या चौघांत एक घोंगडी होती, तीही मधोमध विरलेली. मी आणि बारका भाऊ तिच्यात, आणि मायबाप चुलीच्या उबेला बसून. हे सांगायला मला लाज वाटत नाही. जे होतं ते होतं.

मग मी सातवी झाले त्या उन्हाळ्यात आबांना वाळूजच्या एमआयडीसीत काम मिळालं आणि आम्ही बजाजनगरात पत्र्याच्या एका खोलीत राहायला आलो. काम होतं फायबरच्या शेडमध्ये. पाण्याच्या टाक्या, कूलरच्या बॉड्या, बागेतल्या घसरगुंड्या, बसच्या खुर्च्या, असलं तिथं बनायचं. त्या शेडच्या मालकाबद्दल मला लिहायचं आहे. त्यांचं नाव मी लिहीत नाही. शेडमध्ये सगळे त्यांना मामू म्हणायचे. सेठ म्हटलेलं त्यांना चालत नसे. "सेठ वो, जो गादी पर बैठता. मैं तो टाकी में बैठता," म्हणायचे.

आणि ते खरंच टाकीत बसायचे. नवी टाकी साच्यातून निघाली की मामू चपला काढून आत उतरायचे आणि कामगारांना वरून झाकण लावायला सांगायचे. फायबरची भिंत कुठं पातळ राहिली असेल, कुठं हवेचा बुडबुडा अडकला असेल, तर उन्हात तिथून जास्त उजेड आत येतो. आत बसून ते बोटानं दाखवत नसत, नुसते बोलायचे. "डावीकडं, वीतभर खाली, इधर कौन रोलर मारा रे? तेरी सास आई थी क्या बुलाने कू?" टाकीतून घुमत येणारा तो आवाज ऐकून नवा माणूस आधी घाबरायचा. सगळं ठीक असलं की आतून काही आवाजच यायचा नाही. मग पाच-दहा मिनिटांनी कुणीतरी झाकण उघडून बघायचं. मामू गाढ झोपलेले.

ते मूळचे शहरातल्या शहागंजचे. घराण्याचा धंदा बांगड्यांचा. बापजाद्यांनी बायकांच्या मनगटात काच भरली, आणि ह्यांनी काचेच्या टाक्या बनवल्या. उंच, वाळक्या काठीसारखं अंग, मेंदीनं तांबूस झालेली दाढी, पूर्ण बाह्यांचा सदरा, मनगटाशी गच्च बटण, आणि पायजम्याचे पाय मोज्यांत खोचलेले. मे महिन्यातसुद्धा. आमच्याकडचा मे महिना ज्याला माहीत आहे त्यालाच ह्याची किंमत कळेल. लोक हसायचे. मामू म्हणायचे, "हसो. खुजलाने से हसना अच्छा."

फायबर हा शब्द त्यांना आवडत नव्हता. "काच बोलो," म्हणायचे. कारण ते असतंच काच. काच वितळवून तिचे तंतू काढतात, केसाहून बारीक. त्या तंतूंची मॅट बनते, पांढरी, मऊ दिसणारी, गुंडाळी करून येते. साच्यावर मॅट अंथरायची, तिच्यावर रेझिन नावाचा मधासारखा चिकट रस लावायचा, रोलर फिरवून आतली हवा काढायची. वाळलं की झालं, गंज नाही, कूज नाही. पण मॅट कापताना, वाळलेला माल घासताना ते तंतू तुटून उडतात, कातडीत घुसतात, आणि खाज सुटते. "फायबर म्हटलं की माणूस बेफिकीर होतो," मामूंचं म्हणणं. "काच म्हटलं की हात आपोआप सांभाळतो."

अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून कुणी कामावर आलं तर मामू रागवायचे नाहीत. ऑफिसच्या खिळ्यावर त्यांच्या लग्नातली हिरवी शेरवानी टांगलेली होती, ती ते स्वतः त्या माणसाच्या अंगात चढवायचे, गळ्यापर्यंत बटणं लावून द्यायचे आणि म्हणायचे, "जाओ नौशे मियां, मॅट काटो." दिवसभर सगळी शेड त्याला छळायची. "नवरदेव, घोडी कुठं बांधली?" "नवरदेव, वऱ्हाडाला चहा सांगा की!" एकदा शेरवानी चढली की पुन्हा तो माणूस जन्मात अर्ध्या बाह्या घालून यायचा नाही.

रेझिन वाळवायला त्यात दोन गोष्टी घालतात, एक जांभळं कोबाल्ट आणि एक पाण्यासारखं दिसणारं हार्डनर. दोन्ही रेझिनमध्ये वेगवेगळी जिरली तर काम होतं. पण दोन्ही थेट एकमेकांत पडली तर भडका उडतो, डबा फुटतो. मामूंनी त्यांना नाव दिलं होतं, सौतनां, म्हणजे सवती. "एक बीवी को घर में लाओ, ठीक से बैठने दो, फिर दूसरी को लाओ. दोनों को दरवाजे पे मिलाया तो घर जल गया समझो." कोबाल्ट शेडच्या एका टोकाला, हार्डनर दुसऱ्या टोकाला. दोन्हींची मापं वेगळी, मापांचे रंग वेगळे, आणि ओतणारी माणसंही वेगळी. मामूंचा वहम इतका, की कोबाल्टवाल्याला आणि हार्डनरवाल्याला ते डबाही शेजारी बसून खाऊ द्यायचे नाहीत. ती दोघं नात्यानं साडू, आणि त्यांचं आधीच पटत नव्हतं. त्यांनी कधी तक्रार केली नाही.

एकदा लेणी बघायला येणाऱ्यांसाठी बांधलेल्या एका हॉटेलला मामूंनी हत्ती करून दिला. खराखुरा वाटेल असा, फायबरचा. तो फर्दापूरला उतरवायला आबा गेले होते. टेम्पोभोवती गाव जमलं. इतका मोठा हत्ती दोघांनी दोन बाजूंनी धरला आणि सहज उचलून खाली ठेवला. आमच्या भावकीतला एक म्हातारा तिथं होता. तो जवळ गेला, हत्तीच्या पोटावर टकटक केलं आणि म्हणाला, "लई उपाशी दिसतंय जनावर." मामूंना हे इतकं आवडलं की पुढं कुठलीही मोठी वस्तू शेडबाहेर निघताना तिच्या पोटावर टकटक करून ते म्हणायचे, "उपाशी चाललंय बिचारं."

हे सगळं मी हसत सांगते आहे. पण ज्यामुळं मामू आमच्या घराचे झाले ती गोष्ट हसण्यासारखी नव्हती.

मी आठवीत होते. बजाजनगरात आमचा पहिला हिवाळा. पत्र्याची खोली रात्री नुसती बर्फ व्हायची. मॅट कापण्याचं काम आबांकडं होतं. कापताना कडेच्या पट्ट्या, तुकडे पडायचे, ते पोत्यात भरून टाकून द्यायचे. मामूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की शेडमधली काच, तुकडासुद्धा, बाहेर न्यायची नाही, नेली तर काम गेलं समजायचं. आबांनी मान हलवली होती. पण आबांना रोज समोर जे दिसत होतं ते पांढरं होतं, मऊ होतं, पुंजक्या-पुंजक्यानं पडलेलं होतं. धनगराच्या डोळ्याला ते काय दिसणार? आबा डब्याच्या पिशवीतून थोडे थोडे तुकडे घरी आणायला लागले.

मायनं ते हातात घेतलं आणि तिचं तोंड उजळलं. कितीतरी दिवसांनी तिच्या हातात लोकर आली होती. तिनं टकळी काढली, कातायला बसली. धागा तुटायला लागला. "कातायला नाय जमत ह्याला, पण भरायला ब्येस हाय," म्हणाली. मग तिनं खोलीत बसून ते सगळं बोटांनी पिंजलं, मोकळं केलं, आणि जुन्या लुगड्यांच्या दोन थरांत भरून वाकळ शिवली. जाड, फुगीर, गुबगुबीत. त्या वाकळंवर आम्ही चौघं झोपलो. पहिल्या रात्री बारका म्हणाला, "माय, आपण श्रीमंत झालो का?"

खाज दुसऱ्या दिवशी सुरू झाली.

हात, मान, पोटऱ्या. लाल पुरळ. बारक्याचे डोळे सुजले. मायनं कडुनिंबाचा पाला उकळून कढत पाण्यानं आंघोळी घातल्या आणि खसाखसा अंग चोळलं, तसं ते आणखी भडकलं. आबांनी मेंढराला खरूज झाल्यावर लावतात ते करंजाचं तेल आणून आम्हाला लावलं. डॉक्टरांनी मलम दिलं. रात्री अंगाला मलम लावायचं आणि परत त्याच वाकळंवर झोपायचं! वाकळंचा संशय कुणालाच आला नाही. लोकरीनं आमच्या घराण्यात कधी कुणाला दगा दिला नव्हता.

गल्लीत बोभाटा झाला की ह्यांच्या घरात खरूज आहे. माझ्यासोबत शाळेला येणाऱ्या पोरी पुढं निघून जायला लागल्या. नळावर आमची घागर बाजूला सरकवायला लागले. मग घरमालकीण आली. वाईट नव्हती ती, पण तिच्या घरात लहान नातू होता.

"बाई, राग धरू नका," दाराबाहेर उभी राहूनच ती मायला म्हणाली, "पण अमावास्येपातुर खोली मोकळी करा. लेकरंबाळं सगळ्यांनाच हायत."

आबा त्या रात्री म्हणाले, "गावाला जाऊ परत. नाय हे आपलं."

मी भिंतीकडं तोंड करून पडले होते. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. मी सातवी होऊन आले होते. परत जाणं म्हणजे माझी शाळा तिथंच संपली, हे मला कळत होतं, आबांनाही कळत होतं. म्हणूनच ते माझ्याकडं न बघता बोलले.

त्याच आठवड्यात मायला भावकीत कुणी वारलं म्हणून दोन दिवस गावी जावं लागलं. तिथं ती घोंगडीवर झोपली. खाज थांबली. परत आली, आमच्यात झोपली, खाज सुरू. दुसरं कुणी असतं तर खोलीला भूतबाधा म्हणालं असतं. माझी माय मेंढपाळाची लेक. मेंढरू आजारी पडलं की ते काल कुठं चरलं हे आधी बघायचं, हे तिला लहानपणापासून माहीत. ती खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि एकेका वस्तूकडं बघत गेली. मग वाकळंपाशी थांबली.

"ही लोकर आजारी हाय," ती म्हणाली.

तिनं वाकळ गुंडाळली, डोक्यावर घेतली आणि मला म्हणाली, "चल. हिच्या मालकाला दाखवते." शाळेला सुट्टी होती. मी मागं, ती पुढं, डोक्यावर वाकळ. शेडच्या दारात आबांनी आम्हाला पाहिलं आणि त्यांच्या हातातली कात्री तशीच राहिली.

"कुठं हाय तुमचा मालक?" मायनं विचारलं. कुणीतरी टाकीकडं बोट दाखवलं.

माय टाकीपुढं जाऊन उभी राहिली. "ओ सेठ! तुमची लोकर नासकी हाय!"

टाकी घुमली. "कौनसी लोकर? हमारे यहां लोकर-बिकर नहीं मिलती बाई, आगे जाओ."

"आगं नाय जात. लेकरं सोलून निघाली माझी. बाहेर या आधी."

झाकण सरकलं. मेंदीची दाढी वर आली. मामूंनी मायकडं पाहिलं, मग तिच्या डोक्यावरच्या वाकळंकडं पाहिलं. एका कोपऱ्याची शिवण उसवली होती आणि तिथून पांढरं डोकावत होतं. ते खाली उतरले. वाकळ तिच्या डोक्यावरून हळूच उतरवली, हळूच, जशी एखादी भरलेली पाटी उतरवतात तशी, आणि जमिनीवर ठेवली.

"इसपे कौन सोया?"

"आमी सगळी. लेकरं बी."

मामू शेजारच्या पालथ्या साच्यावर मटकन बसले. आता आबांचं काम गेलं, हे सगळ्यांनाच माहीत होतं. मलाही. काम गेलं की खोली असून उपयोग नाही, आणि खोली तर तशीही जाणारच होती.

"मैंने पहिले दिन क्या बोला था?" मामूंनी आबांना विचारलं.

"काच बाहेर न्यायची नाय."

"फिर?"

आबा खाली बघत म्हणाले, "काच नाय नेली मामू. देवाशपथ. लोकर नेली."

कुणीतरी फिसकन हसलं. मामूंनी त्याच्याकडं अशी नजर टाकली की ते हसू तिथंच मेलं. दाढीवरून हात फिरवत राहिले. शेवटी उठले, ऑफिसात गेले, खिळ्यावरची शेरवानी काढली आणि स्वतःच्या अंगात घातली. गळ्यापर्यंत बटणं लावली.

"मामू, हे काय?" हार्डनरवाला म्हणाला.

"सजा. मेरी सजा. मैं जबान से काच-काच बोलता रहा, हाथ में देके दिखाया नहीं. धनगराच्या डोळ्याला लोकर दिसली तर डोळ्याचा काय कसूर?" मग आबांकडं वळून, "तू कायकू खडा है? बादली उठा. चल."

आबांचं काम गेलं नव्हतं. मला ते कळायला थोडा वेळ लागला, कारण मामू तसं काही बोललेच नाहीत.

शेरवानी घातलेले मामू, त्यांच्या मागं बादल्या, ती वाकळ, जुनी कापडं आणि रुंद चिकटपट्टीचं रीळ घेतलेले आबा, त्यांच्या मागं माय आणि मी. अशी आमची वरात बजाजनगरात शिरली. मामूंनी दारातच सगळ्यांना थांबवलं. ओला गमछा नाकाला बांधला. माय सवयीनं केरसुणीकडं वळली तसे ते ओरडले, "नक्को! झाडू कू हाथ नक्को लगाओ. झाडलं की उडतं, उडलं की परत बसतं." आधी पाणी शिंपडलं. मग ओल्या कापडानं जमीन, भिंत, फळी, सगळं पुसलं. प्रत्येक कापड पुसून झालं की पिशवीत. वाकळ ओली करून प्लास्टिकच्या गोणीत घातली आणि तोंड बांधलं. माय त्या गोणीकडं बघत राहिली. एवढी मेहनत केली होती तिनं.

"बहन," मामू म्हणाले, "टाका बहोत सुंदर है तुम्हारा. माल मेरा खराब."

मग आंघोळी. थंड पाण्यानं, भर हिवाळ्यात, ओट्यावर. "गरम पाणी नाही. चोळायचं नाही. नुसतं पाणी वाहू द्यायचं, काच आपोआप खाली जाते." बारका असा किंचाळला की गल्ली गोळा झाली. मामूंनी चिकटपट्टीचा तुकडा त्याच्या हातावर चिकटवायचा आणि हळूच उचलायचा. उन्हात धरला की पट्टीवर बारीक चमचम दिसायची. बारका किंचाळायचा थांबला. "मला बघू, मला बघू," करत स्वतःच हात पुढं करायला लागला.

घरमालकीण पुढं आली. "हे कोण म्हणायचे? लग्न-बिग्न हाय का कुठं?"

"मैं इस बीमारी का कारखानदार," मामू म्हणाले. त्यांनी शेरवानीची बाही कोपरापर्यंत वर केली, गोणीतून मॅटचा पुंजका काढला आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या हातावर घासला. पूर्ण बाह्यांच्या त्या माणसाचा उघडा हात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. गोरा, लहान मुलासारखा. थोड्या वेळात त्यावर आमच्यासारखंच लाल पुरळ उठलं.

"बघा मावशी. खरूज नाही ही. काच आहे. एकाची दुसऱ्याला लागत नाही."

"आन् नाय गेली तर?"

"नाही गेली तर ह्या खोलीत मी राहायला येतो. और मैं बहोत घोरता."

गल्ली हसली. घरमालकीण हसली नाही, पण ती उंबऱ्याच्या आत मात्र आली. मामू ओट्यावर बसले, मायला म्हणाले, "बहन, भूख लगी." मायनं भाकरी आणि ठेचा दिला. त्यांनी सगळ्यांच्या देखत आमच्या ताटात खाल्लं, आमच्या तांब्यानं पाणी प्यायलं, ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं ते शेरवानीच्या बाहीला पुसलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी शेड बंद झाली की ते यायचे. ओट्यावर बसून बारक्याच्या हाताशेजारी आपला हात ठेवायचे. "देखो, किसका ज्यादा उतरा?" गल्लीतली पोरं पंच म्हणून वाकून बघायची. आधी पोरांच्या आया त्यांना ओढून न्यायच्या, मग त्याही उभ्या राहून बघायला लागल्या. मामूंचं पुरळ लवकर उतरायला हवं होतं, त्यांनी एकदाच घासलं होतं. पण ते बारक्याच्या बरोबरीनंच उतरत गेलं. बारक्याला एकट्यालाच पुरळ राहिलं असं वाटू नये म्हणून ते मधे पुन्हा घासून आले असावेत, असा माझा संशय आहे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "अपनी चमडी बूढी है, देर से समझती."

अमावास्येच्या आदल्या दिवशी घरमालकीण आली. बारक्याचा हात हातात घेऊन उलटसुलट करून बघितला. "ऱ्हावा," म्हणाली. "आन् त्या शेरवानीवाल्या भाऊंना म्हणावं, आमच्या कूलरची बॉडी गंजलीय, बघून जावा."

ह्यानंतर मामूंनी शेडचा एक कायदा केला. नवा माणूस कामावर घ्यायचा तर तो एकटा येऊन चालणार नाही. बायको, आई, जी कोणी घरात धुणं धुते आणि अंथरूण घालते, ती सोबत यायला हवी. "नोकरी आदमी कू नहीं लगती, घर कू लगती." आणि त्या बायकांना समजावायचं काम माझ्या मायकडं. माय त्यांच्या हातावर मॅट ठेवायची. "लोकर दिसती ना? म्या बी फसले. मी तर जन्म लोकरीत काढला." मग सांगायची, कामाचे कपडे शेडमागच्या दगडावरच धुवायचे, घरच्या कपड्यांत घालायचे नाहीत, थंड पाण्यानं अंग धुतल्याशिवाय लेकराला घ्यायचं नाही. बायका तिचं ऐकायच्या. मामू लांब उभे राहून ऐकायचे आणि ती चुकली नाही तरी मधेच म्हणायचे, "बराबर."

मामूंचं सगळंच बराबर होतं असं नाही. त्यांची पक्की समजूत होती की गूळ खाल्ला की छातीतली धूळ निघून जाते. रोज संध्याकाळी प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा. नाकाला ओला गमछा आणि पोटात गूळ, एवढ्यावर त्यांचा भरवसा. मी कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं तेव्हा त्यांना सांगितलं की गुळानं काही होत नाही, आणि रेझिनचा जो उग्र वास येतो तो गमछ्यानं अडत नाही, त्याला डबीवाला मास्क लागतो, धूळ घासताना वेगळा लागतो, डोळ्यांना चष्मा लागतो.

"तेरे किताब में गुड के खिलाफ लिक्खा क्या?" त्यांनी विचारलं.

"खिलाफ नाही लिहिलं. गुळाचं नावच नाही."

"फिर? जिसका नामच नहीं लिक्खा, उसकू कैसा पता?"

मी म्हटलं, "मामू, वाद घालू नका. मास्क आणा." मी तोंडानं अशीच आहे, फटकळ. ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग सगळ्यांसाठी मास्क आणले. गूळ बंद केला नाही. मास्क कसा बसतो ते पाहण्यासाठी स्वतः लावला आणि तो तसाच लावून स्कूटरवर शहागंजात गेले. त्यांच्या थोरल्या भावानं बांगड्यांच्या दुकानातून ओळखलं नाही आणि आत जाऊन पोलिसांना फोन लावायला निघाला, असं ते सांगायचे. त्यांचा कुठला किस्सा किती खरा, हे मी तपासत बसले नाही.

मला ते 'प्रोफेसर' म्हणायचे. बीएस्सीच्या पहिल्या वर्षापासूनच. आबांना सांगायचे, "तेरी बेटी का ब्याह-ब्याह मत लगा. पहिले इसकू वाळू दे. कच्च्या मालाला साच्यातून काढलं तर वाकडा होतो." आमच्या भावकीतून स्थळं घेऊन येणाऱ्यांना आबा हेच वाक्य ऐकवायचे. त्यांना ते कळायचं नाही. पण आबा इतक्या गंभीरपणे म्हणायचे की ते चहा पिऊन परत जायचे.

मामू आता नाहीत. वयानं गेले, घरी, झोपेत. त्यांना न्यायला शेडमधले सगळे गेले होते. शहागंजच्या त्या अरुंद गल्लीत धनगर, मराठे, मुसलमान, सगळे एका रांगेत खांदा द्यायला उभे होते. माय बायकांत बसली होती. तिथल्या बायकांनी तिला विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? ती म्हणाली, "बहीण."

शेड आता त्यांचा मुलगा चालवतो. बायकांना बोलावण्याचा कायदा त्यानं मोडलेला नाही.

आम्ही ती खोली तेव्हा सोडली नाही, गावाला परत गेलो नाही. त्याच खोलीतून मी आठवी पूर्ण केली, दहावी झाले, बारावी झाले, आणि रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाले. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी पदवीधर झाले.